जुने बेअरिंग भंगारात टाकण्याआधी

तुरीची रास घरात आली, हरभरा निघाला, की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या वर्कशॉपांमध्ये जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने खाली उतरू लागतात. रान मोकळे असते, हातात थोडा पैसा असतो आणि मिरगाच्या आत ट्रॅक्टर पुन्हा पेरणीला उभा राहायला हवा असतो. उदगीर, अहमदपूर, लोहा, देगलूर अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी वैशाखात गेलात, तर इंजिन काढून दोन भागांत उभा केलेला एखादा ट्रॅक्टर गॅरेजपुढे दिसतोच. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या साथीने १९६३ साली ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला. त्यातून आलेला बी-२७५ आजही अनेक गावांत चालतो. टाफेचा मॅसी फर्ग्युसन १०३५, त्यातले सिम्पसनचे पर्किन्स घराण्यातले तीन सिलिंडरचे इंजिन, एचएमटी, जुना स्वराज, फोर्ड ३६०० हीही मंडळी अजून रानात आहेत. ही इंजिने मुळात पुन्हा पुन्हा बांधता यावीत अशीच घडवलेली आहेत. लायनर बदलता येतात, क्रँक घासून लहान करता येते आणि त्या लहान मापाची बेअरिंग बाजारात मिळतात.

इंजिन ‘कामाला आले’ हे एकदा ठरले, की पिस्टन, रिंगा आणि लायनर बदलायचे यावर फारसा वाद होत नाही. जोखमीचा निर्णय क्रँकचा असतो. ती आहे तशी ठेवून फक्त नवीन बेअरिंग घालायची, ग्राइंडिंगला पाठवायची, की बाद करून दुसरी आणायची? हा निर्णय बहुतेक ठिकाणी अंगठ्याच्या नखाने आणि डोळ्यांनी होतो. नख अडकले तर ग्राइंडिंग, नाही अडकले तर ‘क्रँक चांगली आहे’. त्याच वेळी जुन्या बेअरिंगचे शेल डिझेलच्या घमेल्यातून थेट भंगाराच्या पोत्यात जातात. या दोन्ही सवयींनी शेतकऱ्याचे फार नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रँक मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय निर्णय होऊ शकत नाही. आणि इंजिन कशाने बिघडले हे ज्या एका वस्तूवर उमटलेले असते, ती वस्तू म्हणजे जुने शेल. ते न वाचता नवीन बसवले, तर जुन्याला ज्या कारणाने मरण आले तेच कारण नव्याची वाट पाहत असते.

क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकून फिरतात, असा समज सगळीकडे आहे. चालू इंजिनात ती टेकलेली नसतात, टेकू नयेत, आणि हे कळले की पुढचे सगळे सोपे होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशॉम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडले, तर उलट त्या भोकातूनच तेल वर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकली. तेलाने ती बाहेर ढकलली. मग तिथे गेज लावला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे निघून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. फिरणारा आस स्वतःच तेलाला अरुंद फटीत ओढून नेतो, तिथे तेलाची पाचर तयार होते आणि ती पाचर आसाला उचलून धरते. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. आज इंजिनांची बहुतेक बेअरिंग त्याच गणितावर बांधली जातात.

म्हणजे तेलपंप क्रँकला उचलून धरत नाही. तो फक्त तेल पोचवतो. उचलण्याचे काम वेग, तेलाचा घट्टपणा आणि नेमकी फट ही तिघे मिळून करतात. ही फट साधारणपणे आसाच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाइतकी ठेवतात, म्हणजे दर इंचाला सुमारे एक थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. माणसाचा केस अदमासे ७० मायक्रॉनचा असतो. तेव्हा मेन जर्नल, म्हणजे ब्लॉकमधल्या बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग, पावणेतीन इंची असेल तर त्याभोवतीची फट एका केसाएवढी झाली. ती दुप्पट झाली तर तेलही दुप्पट गळेल असे वाटते, पण तसे होत नाही. अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाने वाढते. दुप्पट फटीतून त्याच दाबाला सुमारे आठपट तेल निसटते. बेअरिंग थोडेसे झिजले तरी गेजचा काटा एवढा खाली का बसतो आणि ऑइलपंप नवा टाकूनही तो वर का येत नाही, याचे उत्तर इथे आहे.

इंजिन खोलण्याआधीच पुष्कळ काही कळू शकते. थंड इंजिनाचा ऑइल प्रेशर पाहून समाधान मानू नये. तासभर काम करून तापलेल्या इंजिनाचा, कमी आणि पूर्ण अशा दोन्ही वेगांवरचा दाब पाहावा, तोही खात्रीच्या गेजने, कारण जुन्या ट्रॅक्टरचा मूळ गेज बंद पडलेला किंवा खोटा दाखवणारा असण्याची शक्यता मोठी. आवाजही ऐकावा. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वाजते तेव्हा ठोका हलका आणि कडक असतो, थ्रॉटल झटकन सोडल्यावर तो अधिक उठतो. मेन बेअरिंगचा आवाज जाड, खोल असतो आणि इंजिनावर ओझे आले की वाढतो. एकेका सिलिंडरच्या नोझलच्या पाइपचे नट पाळीपाळीने सैल करून पाहिले, की ज्या सिलिंडरचे डिझेल तोडल्यावर ठोका मंदावतो त्याचे बेअरिंग संशयित ठरते. हे करताना हात त्या धारेपासून लांब ठेवावा. पंपाच्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.

ऑइल चेंबर सोडण्याआधी जुने तेल स्वच्छ भांड्यात काढावे. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तर एखादे नोझल गळते आहे किंवा पंपातून डिझेल उतरते आहे. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तळाशी चकाकणारा बारीक चुरा सापडला तर तो बोटांवर चोळून पाहावा आणि चुंबक लावावा. चुंबकाला न चिकटणारा पिवळसर किंवा करडा चुरा बहुधा बेअरिंगच्या अस्तराचा असतो.

आता कॅप सोडायच्या. सोडण्याआधी प्रत्येक कॅपवर आणि रॉडवर एकाच बाजूला नंबर ठोकावा, किंवा कंपनीचे नंबर असतील तर ते वाचून ठेवावेत. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बांधून आतून गोल केलेली असतात. एकीची कॅप दुसरीला लावली किंवा उलटी बसवली, की ते भोक गोल राहत नाही. निघालेला प्रत्येक शेल धुऊन, वरचा कोणता, खालचा कोणता, कितव्या सिलिंडरचा, हे मार्करने पाठीवर लिहून लाकडी फळीवर ओळीने मांडावा. या मांडणीला फारसा वेळ लागत नाही, आणि सगळ्या तपासात तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

आजचा शेल कशाचा बनतो हे माहीत असेल तर त्यावरच्या खुणा वाचता येतात. पूर्वी बेअरिंगच्या घरात पांढरा धातू ओतून तो खरवडून क्रँकला जुळवत. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिटने ज्याचे पेटंट घेतले, तो हा मऊ धातू. आता पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिसे किंवा ॲल्युमिनियम-टिनचे अस्तर, आणि तांबे-शिशाच्या शेलवर बहुधा आणखी एक अतिशय पातळ मऊ थर असतो. हा वरचा करडा थर जेमतेम २० ते २५ मायक्रॉनचा, म्हणजे एका थाऊच्याही आत. बारीक कचरा पोटात घ्यायचा आणि इंजिन सुरू होताना पाचर तयार होईपर्यंत क्रँकला सांभाळायचे, हे त्याचे काम. नवीन शेल ‘बसत नाही’ म्हणून ब्लेडने किंवा एमरीने खरवडण्याची सवय पांढऱ्या धातूच्या काळातली आहे. आजच्या शेलवर तसे केले तर त्याचे सगळे आयुष्य पाच मिनिटांत खरवडून जाते.

निरोगी झीज कशी दिसते? शेलचा मधला भाग, विशेषतः ज्या अर्ध्यावर स्फोटाचा भार येतो तो, एकसारखा मंद करडा झालेला असतो. कडांकडे झीज कमी असते. असे शेल दिसले तर इंजिन आपले आयुष्य जगून थकले आहे, दुसरा आजार नाही. मधे तांबूस रंग वर आला असेल तर मऊ थर संपला. तांबूस पट्टा फक्त एका काठाला असेल तर प्रकरण वेगळे. वरच्या शेलच्या एका काठाला आणि खालच्याच्या नेमक्या विरुद्ध काठाला तांबे दिसत असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. तो अलाइनमेंटवर तपासून सरळ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय नवीन बेअरिंग घालणे म्हणजे पैसे पाण्यात. सगळ्याच शेलचे काठ घासलेले असतील तर आधीच्या ग्राइंडिंगमध्ये क्रँकपिनच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतो त्या भागाच्या, कोपऱ्याची गोलाई जास्त मोठी राहिली होती आणि शेल तिच्यावर चढत होता.

उभे-आडवे बारीक चरे आणि रुतलेले कण हे आपल्याकडचे सर्वांत नेहमीचे चित्र. सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर तासन्‌तास भुशाच्या आणि धुळीच्या लोटात उभा असतो. उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारताना मागून धुराळा उठतो. एअर क्लीनरच्या वाटीतले तेल गाळाने भरलेले असते, किंवा एअर क्लीनर चांगला असूनही त्यापासून मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी होज तडकलेला किंवा त्याची क्लिप सैल असते. तिथून शिरलेली धूळ रिंगांच्या बाजूने तेलात उतरते. धुळीतली सिलिका पोलादालाही कापते. आणि इथे एक गोष्ट डोळ्यांना फसवते. कठीण कण मऊ शेलमध्ये रुतून बसतो आणि तिथून सावकाश क्रँकला घासत राहतो. शेल फारसा झिजलेला दिसत नाही, झिजते ती त्याहून कठीण असलेली क्रँक. ‘बेअरिंग बरे आहे म्हणजे क्रँकही बरी असणार’ हा तर्क म्हणून खोटा ठरतो. शेलमध्ये रुतलेले कण दिसले की आधी तो होज आणि ती क्लिप बघावी.

अस्तरावर जाळीदार तडे आणि तुकडे निघालेले दिसले तर तो धातूचा थकवा आहे. काळे रान उन्हाळ्यात जसे भेगाळते तसे ते दिसते, आणि कधी कधी भेगांमधला तुकडा सुटून निघालेला असतो. याचे कारण कचरा नाही, वारंवार आलेला जादा भार आहे. डिझेल वाचावे म्हणून वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावर, इंजिन कण्हत असताना काळ्या जमिनीत खोल नांगरट करणे, मांजरा पट्ट्यात उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या चढावर तशाच ओढणे, किंवा ताकद वाढावी म्हणून पंपाचे सेटिंग वाढवून घेणे. वेग कमी म्हणजे तेलाची पाचर पातळ, आणि त्याच वेळी प्रत्येक स्फोटाचा घाव मोठा. टॉवरच्या प्रयोगाचाच हा उलटा अनुभव आहे. गिअर एक खाली घेतला तर डिझेल किंचित जास्त जाईल, पण क्रँकचे आयुष्य वाढेल.

शेल काळा-निळा पडलेला, धातू वितळून सरकलेला असेल तर तेलाची टंचाई झाली होती. सगळे शेल असे आहेत की एकच, हे फळीवरच्या मांडणीतून चटकन कळते. सगळे असतील तर पंप, जाळी, प्रेशर व्हॉल्व्ह किंवा चेंबरमधली तेलाची पातळी. एकाच पिनचे असेल तर त्या पिनकडे जाणारे भोक गाळाने बुजले आहे, किंवा शेलचे भोक घराच्या भोकासमोर आलेच नव्हते. बारीक किडल्यासारखी छिद्रे म्हणजे वेळेवर न बदललेल्या, आम्ल झालेल्या किंवा पाणी मिसळलेल्या तेलाचे काम.

शेलची पाठही पाहावी. ती कोणी पाहत नाही. पाठीवर चकचकीत घासलेले डाग असतील तर शेल घरात हलत होता. एखादाच ठिपका चमकत असेल आणि समोरच्या बाजूला त्याच जागी अस्तर झिजलेले असेल, तर बसवताना मधे मातीचा कण किंवा धातूचा किस राहिला होता. पाठीमागे कागद, पत्र्याची पट्टी किंवा फॉइल सापडले तर मागच्या वेळी कुणीतरी सैल बेअरिंग ‘घट्ट’ केले होते. हा उपाय कुणी कितीही खात्रीने सांगितला तरी करू देऊ नये. शेलची उष्णता पाठीतून घराकडे जाते. मधे कागद आला की ती वाट बंद होते. कॅपची तोंडे कानसीने घासून फट कमी करणे हाही त्याच जातीचा उपाय. त्याने भोक अंडाकृती होते आणि रॉड कायमचा बिघडतो.

आता क्रँक. ती धुऊन, सगळी तेलाची भोके साफ करून, दोन व्ही-ब्लॉकवर ठेवावी. प्रत्येक पिनवर आणि प्रत्येक मेन जर्नलवर चार मापे घ्यावीत. एका टोकाजवळ एक माप, तिथेच काटकोनात फिरवून दुसरे, मग दुसऱ्या टोकाजवळ तशीच दोन. एकाच जागच्या दोन काटकोनी मापांतला फरक म्हणजे पिन किती अंडाकृती झाली ते, आणि दोन टोकांतला फरक म्हणजे ती किती निमुळती झाली ते. स्फोटाचा भार पिनवर सगळीकडून सारखा येत नाही, म्हणून ती सगळीकडून सारखी झिजतही नाही. नखाला फक्त चरा कळतो. गुळगुळीत, आरशासारखी चमकणारी पिनही दोन थाऊने अंडाकृती असू शकते. नखाच्या परीक्षेवर माझा विश्वास नाही तो यासाठीच.

समजा, एका पिनचे मूळ माप ५७.१० मिलिमीटर आहे. एका टोकाला ५७.०९ आणि ५७.०३ आले, दुसऱ्या टोकाला ५७.०७ आणि ५७.०१. म्हणजे अंडाकृतीपणा ६ शतांश, निमुळतेपणा २ शतांश. जुन्या ट्रॅक्टर इंजिनांच्या पुस्तकांत ही मर्यादा सर्वसाधारणपणे १ ते २ थाऊ, म्हणजे अडीच ते पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास असते. अंतिम शब्द त्या-त्या इंजिनाच्या पुस्तकाचाच. या पिनवर नवीन स्टँडर्ड शेल घालून चालणार नाही. एका बाजूने फट बरोबर येईल, दुसऱ्या बाजूने ती साठ मायक्रॉनने जास्त असेल, तेल तिथून निसटेल आणि नवे शेल लवकरच वाजू लागतील. पहिल्या ग्राइंडिंगला १० थाऊ, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर कमी होतात, माप ५६.८५ च्या आसपास येते. सर्वांत कमी माप ५७.०१ असल्याने १६ शतांश शिल्लक आहेत. चरा ५ शतांश खोल असेल तर व्यासात त्याचे १० शतांश धरावेत. तरी ही पिन १० मध्ये साफ निघण्यासारखी आहे. मग कुणी ‘एकदाच २० करून टाकू’ म्हणाले तर का, ते विचारावे. क्रँकला १०, २०, ३० अशा मोजक्याच पायऱ्या असतात, काही इंजिनांना ४० ची. विनाकारण ओलांडलेली पायरी परत मिळत नाही.

एक पिन खराब असली तरी सगळ्या पिना एकाच मापाला घासतात, कारण शेल संचाने मिळतात. मेन जर्नल मात्र स्वतंत्र ठरवता येतात. पिना १० आणि मेन स्टँडर्ड, असे चालते. सगळी मापे पुस्तकातल्या मर्यादेत असतील आणि फक्त पुसट चरे असतील, तर नुसते पॉलिश पुरते. दोरीने एमरी ओढून पिन ‘साफ’ करणाऱ्याच्या हातात मात्र ती देऊ नये. त्याने चमक येते आणि गोलाई जाते.

मोजण्यातली एक चूक आपल्या हवेत सहज होते, म्हणून ती सविस्तर सांगतो. मे महिन्यात नांदेडला सावलीतही पारा चाळिशीच्या पुढे असतो. धुऊन उन्हात वाळत ठेवलेली क्रँक हाताला चटका देण्याइतकी तापते. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगते. सावलीतल्या मायक्रोमीटरपेक्षा क्रँक ३० अंशांनी गरम असेल, तर ७० मिलिमीटरचा जर्नल सुमारे २४ मायक्रॉनने मोठा दिसेल. म्हणजे जवळजवळ पूर्ण एक थाऊ झीज उन्हातच लपून गेली. क्रँक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावे. दोन्ही पोलादच असल्याने एका तापमानाला असली की चूक उरत नाही. मायक्रोमीटरचे शून्य आधी त्याच्या सोबतच्या प्रमाण-दांड्यावर तपासावे. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल किंवा मेकॅनिक ट्रॅक्टर हा ट्रेड शिकलेल्या मुलांना हे शिकवलेले असते. गॅरेजच्या घाईत ते मागे पडू नये एवढीच अपेक्षा.

माप बरोबर आले तरी क्रँक बाद ठरू शकते. पिन निळी पडलेली असेल, म्हणजे ती तापून गेली असेल, तर तडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. तडे बहुतेक वेळा पिनच्या कोपऱ्यातल्या गोलाईत किंवा तेलाच्या भोकाच्या काठाला सुरू होतात. मोठ्या ग्राइंडिंग शॉपमध्ये चुंबकीय तपासणी होते. ती जवळ नसेल तर लाल रंग आणि पांढऱ्या डेव्हलपरचा संच मिळतो. लाल रंग तड्यात शिरतो, पुसल्यावर पांढऱ्या थरावर बारीक लाल रेघ उमटते. तडा असलेली क्रँक दुरुस्त करून ट्रॅक्टरमध्ये घालू नये. ती चालत्या कामात तुटली तर ब्लॉकही फोडते. क्रँक वाकली आहे का हेही व्ही-ब्लॉकवर मधल्या जर्नलला डायल गेज लावून फिरवले की कळते. फळीवर मधल्या मेनचे शेल टोकांच्या मेनपेक्षा फार झिजलेले दिसले असतील, तर ही तपासणी चुकवूच नये.

क्रँकच्या पुढे-मागे हलण्याचीही नोंद घ्यावी. क्लच दाबला की क्रँकवर पुढे ढकलणारा जोर येतो, तो थ्रस्ट वॉशर झेलतात. सतत क्लचवर पाय ठेवून चालवलेल्या ट्रॅक्टरचे हे वॉशर आधी जातात. ही हालचाल साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तीन दशांशांपर्यंत असते. ती फार वाढली की क्रँकचे गाल ब्लॉकला घासू लागतात. नवीन वॉशर घालताना त्यावरच्या तेलाच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात. उलटे बसवलेले वॉशर फार दिवस टिकत नाहीत.

ग्राइंडिंगला क्रँक पाठवताना शेतकऱ्याने किंवा मिस्त्रीने दोन गोष्टी तोंडाने सांगाव्यात. कोपऱ्यांची मूळ गोलाई राखायची, कारण काटकोनात कापलेला कोपरा हीच पुढे क्रँक तुटण्याची जागा असते. आणि तेलाच्या भोकांचे काठ मोडून गुळगुळीत करायचे. शक्य असेल तर नवीन शेल आधी आणून, घरात आवळून, त्यांचे आतले माप घेऊन मग त्याप्रमाणे क्रँक घासून घ्यावी. शेलच्या पाठीवर छापलेला आकडा सहसा खरा असतो, पण मोजलेला आकडा त्याहून खरा. आपली क्रँक नायट्राइड केलेली असेल तर तिचा कठीण थर इतका पातळ असतो की ग्राइंडिंगमध्ये तो जातो आणि पुन्हा प्रक्रिया करावी लागते. आपल्या मॉडेलची क्रँक कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारावे.

परत आलेली क्रँक घाईने ब्लॉकमध्ये बसवू नये. ग्राइंडिंगचा चुरा तेलाच्या भोकांत भरलेला असतो. भोकांचे प्लग काढून, लांब ब्रश आणि डिझेलने, मग हवेने, पलीकडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत ती भोके धुवावीत. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटाही तशाच. शेलचे टोक घराच्या तोंडापेक्षा किंचित, एखाद-दोन थाऊने वर असते. ते मुद्दाम असते, घासून सपाट करायचे नसते. कॅप आवळली की त्याच दाबाने शेल घरात पक्का बसतो. फट पाहायला प्लॅस्टिगेजचा मेणासारखा धागा फार सोपा. कोरड्या पिनवर तो ठेवून कॅप टॉर्क रेंचने पुस्तकातल्या मापाला आवळायची, क्रँक अजिबात फिरवायची नाही, पुन्हा सोडून चेपलेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीशी ताडायची. मग तेल लावून एकेक कॅप आवळत जावे आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहावी. ज्या कॅपला ती जड झाली तिथेच थांबावे.

पहिला स्टार्ट देण्याआधी ऑइल फिल्टर तेलाने भरावा आणि डिझेल बंद ठेवून, गेजचा काटा हलेपर्यंत सेल्फने इंजिन फिरवावे. नव्या शेलची सर्वांत मोठी झीज कोरड्या पहिल्या फेऱ्यांत होते. सुरुवातीचे दिवस मध्यम ओझे द्यावे, नांगरट लगेच धरू नये आणि सुमारे ५० तासांनी तेल-फिल्टर बदलून जुना फिल्टर कापून आत चकाकी आहे का ते पाहावे. ‘पिना १०, मेन स्टँडर्ड’ अशी ग्राइंडिंगची मापे, तारीख आणि जुने शेल कशाने गेले होते ते कारण, हे सगळे ट्रॅक्टरच्या आरसी बुकासोबत एका कागदावर लिहून ठेवावे. ट्रॅक्टर विकला तर तो कागदही घेणाऱ्याच्या हातात द्यावा.